कालची बाकी आज ओढायची नाही

लिहायचं मनावर घेतलं त्या वर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी चार ओळी लिहिल्या होत्या. रोज हजार शब्द. वर्षअखेर कादंबरी पूर्ण. एका कथास्पर्धेत बक्षीस. एक प्रकाशक. चौथ्या ओळीखाली दोन रेघाही मारल्या होत्या. तोवर मी आयुष्यात दोनच कथा लिहिल्या होत्या, त्यातली एक अर्धवट.

पहिल्या दिवशी अकराशे शब्द झाले, दुसऱ्या दिवशी नऊशे. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून यायला उशीर झाला आणि एक ओळही लिहून झाली नाही. मी लगेच हिशेब मांडला: उद्या दोन हजार. उद्या झाले सहाशे. म्हणजे चौदाशेची बाकी, वर पाचव्या दिवसाचे हजार. बाराव्या दिवशी माझ्या डोक्यावर सात हजार शब्दांचं कर्ज होतं आणि वहीकडे बघवत नव्हतं. ती कपाटात गेली ती पाच महिन्यांनी बाहेर आली.

त्या पाच महिन्यांत मला एकच वाटत होतं, आपल्यात चिकाटी नाही. नव्याने लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना हेच वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर सांगते आहे. चिकाटीचा प्रश्न नंतरचा. आधी माझा आकडाच हवेतून आलेला होता.

हे दाखवून दिलं ते हिशेबाच्या कामात असलेल्या एका मैत्रिणीने. वहीचं ते पान बघून ती म्हणाली, "हे बजेट कशावरून केलंस? मागचे आकडे कुठे आहेत?" मागचे आकडे नव्हतेच. तिने सुचवलं, दोन आठवडे काहीही ठरवू नकोस, फक्त नोंद ठेव. किती वाजता बसलीस, किती वेळ बसलीस, किती शब्द झाले. कमी झाले तरी स्वतःला बोल लावायचा नाही, जास्त झाले तरी शाबासकी नाही.

१४ दिवसांत मी १० वेळा बसले. एका बैठकीला सरासरी ४० मिनिटं आणि २४० शब्द. सगळ्यात जास्त ६१०, सगळ्यात कमी ३५. आणखी एक गोष्ट दिसली, जी मला कुणी सांगितली असती तर मी मानली नसती. माझी सगळी स्वप्नं सुट्टीच्या दिवसावर टांगलेली होती, आणि सुट्टीच्याच दिवशी माझं लेखन सगळ्यात कमी होत होतं. मोकळा दिवस असला की "बसू जरा वेळाने" करता करता संध्याकाळ व्हायची. ऑफिसच्या दिवशी पाऊण तासच हाताशी असायचा, म्हणून तो वापरला जायचा.

तुम्ही नुकती सुरुवात करत असाल तर माझं एवढं ऐका. पहिले दोन आठवडे टार्गेट ठेवूच नका, नोंद ठेवा. स्वतःची चाल कळल्याशिवाय ठरवलेला आकडा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी उसना असतो.

माझा हजारचा आकडाही उसनाच होता. कुठेतरी वाचलं होतं की एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप पोस्टखात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. नोकरी करून लिहिणाऱ्या माणसाला हे वाचून स्फुरण चढणारच. पण त्याने आपल्या आत्मचरित्रात आणखीही काही सांगितलं आहे, ते मी फार उशिरा वाचलं. पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं वाचण्यात घालवायचा. आणि त्याला पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला घरी एक नोकर होता, त्या कामाचे वर्षाला पाच पौंड वेगळे मिळणारा! मोठ्या लेखकाचा दिनक्रम वाचताना त्यामागचं घर वाचायला आपण विसरतो. मुलं कोण बघत होतं, स्वयंपाक कोण करत होतं, दुपारी झोप मिळत होती का, हे धरून तो आकडा वाचला तर निम्मी निराशा आपोआप कमी होते.

नोंदी हातात आल्यावर मोह झाला की २४० म्हणजे ३०० धरू, थोडं ताणू. मी उलट केलं. सगळ्यात वाईट दिवस धरला. डोकं दुखतंय, घरी यायला उशीर झालाय, मन लागत नाही, अशा दिवशी काय होऊ शकेल? २५ मिनिटं बसणं. शब्द किती होतात ते होवोत. आठवड्यातून पाच बैठका, सात नाही. उरलेले दोन दिवस कुठले ते आधी ठरवायचं नाही, जे बुडतील ते त्यात धरायचे. चांगल्या दिवशी तास-दीड तास लेखन व्हायचंच, त्याला टार्गेटची गरज नव्हती.

आणि नियम एकच: कालची बाकी आज ओढायची नाही. बुडालेला दिवस बुडाला. आज पंचवीसच मिनिटं. या एका नियमाने माझं जेवढं भलं केलं तेवढं लेखनकलेवरच्या कुठल्याही सल्ल्याने केलं नाही. याला आधारही आहे, तो मला नंतर कळला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगून त्यांचा माग ठेवला होता. २०१० साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. "२१ दिवसांत सवय लागते" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून सोडून द्या, आणि बाविसाव्या दिवशीही खुर्चीत बसायचा कंटाळा आला तर आपलं काही बिघडलंय असं समजू नका.

मग कादंबरीचं काय? इथे साधा गुणाकार करायला हवा होता, तो मी वर्षभर टाळला. आठवड्याला पाच बैठका, बैठकीला २४० शब्द, म्हणजे १,२०० शब्द. साठ हजार शब्दांची कादंबरी धरली तर ५० आठवडे, तेही आजारपण, पाहुणे, ऑफिसातली वर्षअखेर, काहीही मध्ये न येता. आणि हा नुसता पहिला खर्डा. पुनर्लेखन त्यानंतर सुरू होणार. माझं "वर्षअखेर कादंबरी पूर्ण" पहिल्या दिवसापासूनच अशक्य होतं, आणि ते न झाल्याबद्दल मी स्वतःला दोष देत बसले होते.

मुदतीच्या बाबतीत माणूस स्वतःला कसा फसवतो याची माझी आवडती गोष्ट १९९४ च्या एका अभ्यासातली आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिनसलं तर किती लागतील? ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. म्हणजे "सगळं बिनसलं तर" हा अंदाजसुद्धा आशावादीच निघाला. तेव्हापासून मी कुठलीही मुदत ठरवली की तिला दीडने गुणते. गुणाकार केल्यावर जी तारीख येते तिच्याकडे बघून वाईट वाटतं. वाटू देते.

कादंबरी बाजूला ठेवून मी त्या वर्षी साधारण तीन हजार शब्दांच्या चार कथा ठरवल्या. अर्धवट राहिलेल्या दहा सुरुवातींपेक्षा एक पुरी केलेली बरी कथा शिकवून जाते, कारण शेवट लिहायची सवय शेवट लिहूनच लागते. तीन झाल्या. चौथी अजून अडकली आहे, तिच्यातला म्हातारा काही केल्या बोलत नाही.

कथा लिहिताना आणखी एक घोटाळा लक्षात आला. शब्द मोजायचे ठरवले की हात शब्द वाढवतो. माझं एक पात्र एकदा "हळूहळू, अगदी हळूहळू, एकेक पायरी मोजत" जिना उतरलं, कारण त्या दिवशी मला आकडा गाठायला अकरा शब्द कमी पडत होते. आणि पुनर्लेखनात तर शब्दसंख्या उलटीच बोलते. एक कथा मी ३,४०० वरून २,७०० वर आणली, त्या आठवड्यातली माझी सगळ्यात चांगली कामगिरी, पण वहीत उणे सातशे! म्हणून खर्डा लिहिताना वाटलं तर शब्द मोजा, दुरुस्ती करताना मिनिटं मोजा, किंवा "आज दोन पानं मोठ्याने वाचून साफ करायची" असं ठरवा. एकच माप सगळीकडे लावू नका.

बक्षीस आणि प्रकाशक या दोन ओळी वहीतून काढून टाकल्या. ते परीक्षकाच्या आणि संपादकाच्या हातात आहे. माझ्या हातात पाठवणं आहे. तेव्हा नवी ओळ अशी झाली: पुरी झालेली कथा महिन्याच्या आत पाठवायची, आणि साभार परत आली तर आठवड्याच्या आत दुसरीकडे रवाना करायची. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानांवर तक्ता आहे: कथा, कुठे, कधी, उत्तर. पाठवण्यापूर्वी शब्दमर्यादा बघा, आणि एकच साहित्य एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवलेलं चालतं का तेही बघा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. उत्तर यायला महिने लागतात, कधी येतच नाही. आतापर्यंत मी सात वेळा पाठवलं, सहा वेळा साभार परत आलं, एक कथा छापून आली. पहिलं परत आलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. सहावं आलं तेव्हा तक्त्यात नोंद केली आणि कथेतली एक चूक दुरुस्त करून ती पुढे पाठवली.

लेखनावर पोट भरण्याबद्दलही विचारलं जातं. त्याला मी तारीख लावत नाही. नोकरी आहे म्हणून पंचवीस मिनिटं निर्धास्तपणे बसता येतं, एवढंच सांगू शकते.

हे चौथं वर्ष. वहीच्या पहिल्या पानावर आता पेन्सिलीने लिहिते, कारण दर तीन महिन्यांनी मागच्या नोंदी काढून आकडा बदलते, कधी वर, कधी खाली. घरात आजारपण होतं त्या तिमाहीत आठवड्याला दोनच बैठका लिहिल्या होत्या, आणि त्या झाल्या. कादंबरी पुन्हा काढली आहे, ३१ हजारांवर आली आहे. कधी संपेल असं मैत्रिणीने परवा विचारलं, तेव्हा मी वही उघडून भागाकार केला: अजून २४ आठवडे. मग तो आकडा खोडून ३६ लिहिला.