युरोपला कपडे पाठवताय? मग लेबल असं करा

माल शिवून झाला की लेबल छापून घेऊ, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लेबलवर काय येणार हे कापड आणि बटणं खरेदी करतानाच ठरतं. नंतर उरते ती नुसती छपाई.

कपड्यावर कोणते तंतू किती आहेत हे लेबलवर कसं लिहायचं, ते सांगणारा युरोपीय संघाचा नियम १००७/२०११ हा ८ मे २०१२ पासून लागू आहे. वजनाने किमान ८० टक्के तंतू असलेली वस्तू त्यात येते. शर्ट, कुर्ती, सोलापुरी टॉवेल, सगळं.

१. टक्केवारी वजनावर काढा. जास्त असलेला तंतू आधी, मग उतरत्या क्रमाने. कापडवाल्याच्या बिलावर विसंबू नका, लॅबमधून तपासून घ्या. लेबल आणि तपासणी यांत ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

२. तंतूंची नावं नियमातल्या यादीतलीच हवीत. लायक्रा किंवा स्पॅन्डेक्स नव्हे, इलास्टेन. रेयॉन नव्हे, व्हिस्कोज. ‘बांबू’ नावाचा तंतू यादीत नाही, बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोज हा व्हिस्कोजच. आणि ‘आर्ट सिल्क’ (म्हणजे कृत्रिम रेशीम) हे आपल्या दुकानांत खपून जातं, तिकडे नाही. सिल्क म्हणजे किड्याचं रेशीम. नावं तोडून लिहायची नाहीत.

३. भाषा विक्रीच्या देशाची. जर्मनीला जर्मन, फ्रान्सला फ्रेंच. भाषांतराच्या भानगडीत पडू नका, हीच यादी संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेत छापलेली आहे. तिथून नाव जसंच्या तसं उचला.

४. बटण, पॅच, चेन. मला सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच करावी लागली, आणि इथेच लोक ‘त्यात काय एवढं’ म्हणून पुढे जातात.

कपड्यात कातड्याचा पॅच, शिंगाचं किंवा शिंपल्याचं बटण, पिसांचं भरण असं काहीही असेल तर ‘प्राण्यांपासून मिळवलेले, तंतू नसलेले भाग यात आहेत’ या अर्थाचं ठरीव वाक्य लेबलवर लागतं. पॅच बोटभर असला तरी लागतं. बटण शिंपल्याचं की प्लॅस्टिकचं, हे पुढून बघून कळत नाही, चमक सारखीच असते. गालाला लावून बघा, शिंपलं गार लागतं. उलटं करून बघा, शिंपल्याची पाठ एकसारखी नसते. हे प्रत्येक लॉटला करा, कारण माल संपला की सप्लायर न सांगता ‘तसंच दिसणारं’ बटण देतो. बटण बदललं की लेबलही बदलतं.

आता धातू. निकेलची ॲलर्जी असलेल्या माणसाला जीन्सचं बटण बेंबीखाली जिथे टेकतं तिथे पुरळ उठतं. पण लेबलच्या नियमात निकेल लिहायची सोयच नाही. त्यासाठी ‘रीच’ हा युरोपीय संघाचा रसायनांचा वेगळा कायदा आहे. कातडीला बराच वेळ लागून राहणाऱ्या धातूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. टिचबटण, रिव्हेट, चेन सगळं यात आलं. ‘मुलामा एकदम पक्का आहे, साहेब’ हे उत्तर मुळीच मान्य करू नका. मुलामा घासून गेला की खालचा धातू उघडा पडतो. म्हणून दोन वर्षांच्या वापराइतकी झीज करून मग निकेल मोजणारी चाचणी मागा. कातड्याच्या पॅचमध्ये क्रोमियम सहा (कातडं कमावताना तयार होऊ शकणारा क्रोमियमचा घातक प्रकार) हे किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं.

रंगाचंही तेच. डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ हे पॉलिएस्टरचे गडद रंग ॲलर्जीसाठी बदनाम आहेत. डाईंगवाला ‘ॲझो-फ्री’चा कागद पुढे करेल. तो कागद काही ॲझो रंगांतून सुटणाऱ्या, कर्करोगाशी संबंध असलेल्या अमाइन्स नावाच्या रसायनांचा, ॲलर्जीचा त्याच्याशी संबंध नाही. हे दोन रंग वापरलेले नाहीत, असं वेगळं लेखी घ्या. सुरकुत्या न पडणाऱ्या फिनिशच्या कापडात फॉर्मल्डिहाइड हे फिनिशमधलं रसायनही बघा, मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम.

आणि एवढं सगळं केलं तरी लेबलवर ‘ॲलर्जी-फ्री’ छापू नका. कुणाच्या अंगाला काय सोसणार नाही याची हमी तुम्ही कशी देणार? बायरने असा शब्द मागितला तर मी त्याच्याकडेच आधी रिपोर्ट मागतो.

५. अस्तर. मुख्य अस्तराची टक्केवारी वेगळी लिहा. ३० टक्क्यांपेक्षा कमी वजनाचे बाकीचे भाग सोडले तरी चालतात.

६. लेबल शिवून टाका. सहज दिसेल, वाचता येईल आणि धुतल्यावर टिकेल असं. धुण्याच्या खुणांची या नियमात सक्ती नाही, पण बायर मागतोच.

पहिल्या गाठोड्यातला एक पीस, त्याची बटणं आणि सगळे रिपोर्ट एकाच पाकिटात घालून लॉट नंबर टाका. पुढच्या ऑर्डरला बटण आलं की आधी त्या पीसशेजारी ठेवून बघा, मगच कारागिराच्या हातात द्या.