डॅफोडिल कळीतच तोडा: सिली बेटांवरच्या जुन्या फूलवाल्यांची पद्धत

युकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांच्या बागेत वसंतात डॅफोडिल, म्हणजे कांद्यापासून येणारी पिवळी फुलं, भरपूर येतात. बहुतेक जण ती पूर्ण उमलल्यावर कापतात आणि मग दोन-तीन दिवसांत ती मान टाकतात. हे टाळायचं असेल तर १९०० च्या आसपास सिली बेटांवरचे शेतकरी काय करायचे ते बघा, मला तरी यापेक्षा चांगली पद्धत माहीत नाही.

ही बेटं इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून (लँड्स एंड) साधारण ४५ किलोमीटर समुद्रात आहेत. तिथे कडाक्याची थंडी क्वचितच पडते, त्यामुळे बाकी इंग्लंड गारठलेलं असतानाच तिथली फुलं तयार व्हायची आणि लंडनच्या कोव्हेंट गार्डन मार्केटला लवकर आलेल्या मालाला चांगला भाव मिळायचा. पण माल आधी छोट्या होडीने सेंट मेरीज या मुख्य बेटाच्या धक्क्यावर, मग लायनेस नावाच्या आगबोटीने इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या पेन्झन्सला आणि तिथून रेल्वेने लंडनला, एवढा प्रवास शेतात उमललेल्या फुलाला झेपणार कसा, त्यात खाऱ्या वाऱ्याने पाकळ्या डागाळायच्या ते वेगळंच. वाऱ्यासाठी त्यांनी शेताचे लहान लहान तुकडे करून भोवती एस्कॅलोनिया, पिट्टोस्पोरम अशा झुडपांची उंच कुंपणं लावली आणि फुलं कळीतच तोडून काचघरात पाण्यात उमलवायला सुरुवात केली.

आता आपण काय करायचं. कळी आधी सरळ वर बघत असते, मग मानेत वाकून आडवी होते आणि टोकाला पिवळा रंग दिसायला लागतो. तीच वेळ! मात्र सोले दॉरसारख्या (तिकडे नुसतं 'सॉल्स' म्हणतात) एका दांडीवर गुच्छ येणाऱ्या जातीत पहिलं फूल उमलेपर्यंत थांबा, आपल्याकडे निशिगंधाची दांडी तळाची फुलं उमलायला लागली की काढतात ना, तसंच. फार घट्ट गुच्छ तोडला तर वरच्या कळ्या तशाच राहतात.

तोडताना बोटं दांडीवरून पार खाली न्या आणि वाकवून कट्कन मोडा. हातमोजे घालाच, याचा चीक अंगाला लागला की खाज आणि रॅश येतो, तिथल्या मजुरांना हा त्रास कायमचा. पाती अजिबात कापू नका, फुलं संपल्यावरही किमान ६ आठवडे राहू द्या, कारण पुढच्या वर्षीच्या फुलासाठी कांदा त्यांच्यातूनच अन्न साठवतो.

लगेच गार पाण्याच्या बादलीत ठेवा, पण एकटीच. ट्युलिप किंवा गुलाब त्याच पाण्यात असले तर या चिकाने ते लवकर कोमेजतात. एकत्र सजवायचीच असतील तर रात्रभर वेगळी ठेवून, देठ धुऊन आणि पुन्हा न कापता सजवा. उमलायला उजेडाची खोली द्या, हीटरपासून लांब.

कुणाला पाठवायची असतील तर १२ ची जुडी करा. सिलीत हे काम मुख्यतः बायकांचं, फुलं एकमेकांवर दबणार नाहीत अशी थोडी वरखाली लावायची आणि देठ राफियाने (ताडाच्या जातीच्या झाडाचा धागा) बांधायचे. लाकडी खोक्यात टिश्यू पेपर अंथरून फुलांची तोंडं दोन्ही टोकांना आणि देठ मधे, म्हणजे कमी जागेत जास्त जुड्या बसतात आणि फूल देठाखाली चेंगरत नाही. आपल्याला पुठ्ठ्याचं खोकं चालेल, फक्त फुलं कोरडी हवीत, ओली भरली तर बुरशी धरते.

आणि कांद्यांकडे लक्ष ठेवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सूत्रकृमींनी (कांद्यात शिरणारे अगदी बारीक किडे) हा धंदा जवळजवळ बुडवत आणला होता. १९१७ च्या सुमारास लंडनजवळच्या विस्लीच्या बागेत संशोधक जेम्स रॅम्सबॉटम यांनी सुप्तावस्थेतले कांदे ११० फॅरनहाइटच्या (साधारण ४३ सेल्सिअस) गरम पाण्यात काही तास बुडवून किडा मारायची रीत शोधली आणि शेतकरी तगले. घरी हे करायला जाऊ नका, पाणी थोडं गार पडलं तर किडा जगतो आणि थोडं तापलं तर कांदाच खराब होतो. संशय आला तर एक कांदा आडवा कापून बघा, आत तपकिरी कडी दिसली तर तो आणि शेजारचे काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. आणि हे कांदे स्वयंपाकघरात चुकूनही ठेवू नका, दिसायला खायच्या कांद्यासारखेच असतात पण विषारी आहेत.