माऊस जोडताच टचपॅड बंद पडत असे, त्यावर केलेला उपाय

विंडोजच्या माझ्या लॅपटॉपला यूएसबी माऊस जोडला की टचपॅड बंद पडत असे. टचपॅडच्या सेटिंगमधील, बाह्य माऊस जोडल्यास टचपॅड बंद करण्याच्या पर्यायावरची खूण काढूनही फरक पडला नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाची उपकरणे दाखवणाऱ्या विंडोजच्या यादीत, माऊसच्या प्रॉपर्टीज उघडल्यावर, ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टॅबवर चक्क टचपॅडच्या निर्मात्याचे नाव दिसले. म्हणजे टचपॅडच्या ड्रायव्हरने माऊसचाही ताबा घेतला होता. मग ‘अपडेट ड्रायव्हर’मधून संगणकावरील यादी उघडली आणि माऊससाठी ‘एचआयडी-कम्प्लायंट माऊस’ हा विंडोजचा साधा ड्रायव्हर निवडला. रीस्टार्टनंतर दोन्ही एकत्र चालू लागले. टचपॅडचा ड्रायव्हर मात्र काढला नाही, कारण तो काढल्यास दोन बोटांनी स्क्रोल करण्याची सोय जाण्याची शक्यता असते.