जाहिरात न निघालेली नोकरी : मालकाकडे थेट जाताना या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंगच्या, म्हणजे आंबा डबाबंद करायच्या कारखान्यात मी काही सिझन हिशेबाला होतो. माझं टेबल दाराशीच. काम विचारायला आलेला प्रत्येक जण आधी माझ्यापुढे उभा राहायचा आणि बहुतेक जण एकच वाक्य बोलायचे, "काय काम आहे का?" मीही वहीतून मान वर न काढता सांगायचो, "सध्या नाही." गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या वेळा काम असायचं. मालक त्याच आठवड्यात कुणाला तरी फोनवर विचारत असायचे, "चांगला पोरगा आहे का रे कोण?" पेपरात जाहिरात दिली की शंभर फोन येतात, त्यापेक्षा त्यांना हे बरं वाटायचं. पुढे तो कारखाना सोडल्यावर मी स्वतः चार दारांत जाऊन तेच वाक्य बोललो आणि तेच उत्तर घेऊन घरी आलो.

"काय काम आहे का?" असं विचारणं

पहिली चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. या प्रश्नात तुमच्यासाठी काम शोधायची जबाबदारी मालकावर येते. त्याला तेवढा वेळ नसतो, मग तो "नाही" म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा एका कामाचं नाव घ्या. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी पाठवणाऱ्याकडे जाताय? मग विचारा, "बोटी सुटल्या की बर्फाची, डिझेलची बिलं कोण लिहितं? मला टॅली येतं, पहाटे येऊ शकतो." मालवणात राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांकडे गेलात तर बुकिंगचे फोन कोण घेतं ते विचारा. आणि तिथे नुसत्या मालकाला भेटून परत येऊ नका. माणूस ठेवायचा की नाही हे पुष्कळदा स्वयंपाकघरातून ठरतं, तेव्हा काकींशी दोन शब्द बोला.

चुकीच्या महिन्यात जाणं

लोक मे महिन्यात कॅनिंगला काम विचारायला येतात. तेव्हा आंब्याचे क्रेट अंगावर येत असतात, नवीन माणसाला शिकवायला कुणाला सवड नसते. फेब्रुवारीत या. तेव्हा मशिनं उघडून साफ करणं चाललेलं असतं, मालक मोकळा असतो आणि यंदा किती माणसं लागतील याचा हिशेब त्याच्या डोक्यात सुरू असतो.

मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. खलाशांची जुळवाजुळव, उचल देणं हे सगळं बंदीतच होतं, म्हणून जुलैत तांडेलाला (बोटीवरच्या मुख्य खलाशाला) किंवा बोटवाल्याला भेटा. १ ऑगस्ट उजाडल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो. तारकर्ली-मालवणचं स्कूबा आणि बोटिंग पावसाळ्यात बंद असतं. तिथली विचारपूस गणपती आटोपल्यावर, दिवाळीच्या गर्दीआधी करावी. शिमग्यात पालखी घरोघरी फिरत असताना मात्र कुणाकडेच जाऊ नका.

सुट्ट्यांबद्दल गप्प बसणं

हे जरा बोचेल, पण सांगतो. आमच्या भागातले कितीतरी मालक स्थानिक मुलगा घ्यायला कचरतात, त्याचं कारण पगार नाही. गणपतीला गेलेला मुलगा पंधरा दिवस उगवत नाही आणि फोनही उचलत नाही, हे त्यांनी भोगलेलं असतं. मग ते बाहेरचा माणूस ठेवतात आणि आपण नाक्यावर बसून बोंब मारतो, की भूमिपुत्रांना डावलतात. यावर उपाय साधा आहे. त्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगायचं : "आमचा गणपती दीड दिवसाचा. तीन दिवस रजा लागेल, चौथ्या दिवशी सकाळी हजर." पाच दिवसांचा असेल तर पाच सांगा, कमी करून सांगू नका. मी दाराशी बसून पाहिलंय, एवढं वाक्य ऐकलं की मालक पेन खाली ठेवून माणसाकडे नीट बघतो.

तसंच येण्याजाण्याचं. शेवटची एसटी कितीला आहे, पावसात घाटातून कसे याल, राहायची सोय लागेल का, हे आधी ठरवून जा.

एमआयडीसीच्या गेटवर बायोडाटा टाकून येणं

लोटे, मिरजोळे, कुडाळ, कुठेही जा. वॉचमनच्या खोलीत बायोडाटांचा गठ्ठा असतो आणि तो तिथेच राहतो. मदतनीस, पॅकिंग, लोडिंगची बरीच माणसं ठेकेदाराकडून भरतात. ठेकेदार कोण, हे गेटसमोरच्या चहावाल्याला पक्कं ठाऊक असतं. शिफ्ट बदलायच्या सुमारास चहा घेत उभे राहा, बाहेर पडणारी माणसंही सांगतात.

आयटीआय झालेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अप्रेंटिसशिपच्या नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के. त्यामुळे "नोकरी आहे का" यापेक्षा "या वर्षीच्या अप्रेंटिसच्या जागा भरल्या का?" हा प्रश्न एचआरवाल्याला ऐकावा लागतो. ट्रेड आणि पास झाल्याचं वर्ष त्याच वाक्यात सांगून टाका.

ओळखीचं नाव नुसतं फेकणं

"अमक्या साहेबांनी पाठवलंय" म्हणालात आणि साहेबांना पत्ताच नसला, तर दोन्हीकडून गेलात. ज्याचं नाव घ्यायचं त्याला आदल्या दिवशी सांगा. पुढाऱ्याच्या नावापेक्षा त्या मालकाकडे माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याचं किंवा त्याच्या वायरमनचं नाव जास्त उपयोगी पडतं. मालकाचं रोजचं काम त्याच्यावर अडतं, आणि तो कुणाबद्दल उगाच चांगलं बोलत नाही.

व्हॉट्सअॅपवर "हाय सर, जॉब?"

असा मेसेज पाठवायचाच नाही. पाठवला तर नाव, गाव, काय येतं, कधीपासून येऊ शकतो आणि भेटायला कधी येऊ, एवढं चार ओळींत. पीडीएफ मागितली तरच पाठवा.

"कळवतो" म्हणाले, पण कळवलं नाही

इथे "बघूया" म्हणजे अर्धा नकार असतो, अर्धा विसर. तुम्ही कोणत्या अर्ध्यात आहात हे आठ-दहा दिवसांनी पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही. रोज फोन करू नका. दुसऱ्यांदा जाल तेव्हा नवीन काहीतरी घेऊन जा : लायसन्स निघालं, टायपिंगची परीक्षा दिली, नाहीतर "पुढच्या आठवड्यात तुमचा माणूस रजेवर आहे म्हणे, तेवढे दिवस येऊ का?" बदलीवर आलेला माणूस टिकून राहिल्याचं मी दोनदा पाहिलंय. तिसऱ्या खेपेलाही "बघूया"च असेल तर पुढच्या सिझनपर्यंत ते दार सोडा, पण नमस्कार ठेवा.

कामाला लावतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. झेरॉक्सच्या पाठीवर फोन नंबर लिहा आणि घरात रेंज येत नसेल तर वाडीतल्या दुकानाचाही नंबर द्या. सड्यावर, म्हणजे गावावरच्या उंच माळावर, चढल्याशिवाय ज्याचा फोन लागत नाही, त्याला दुसऱ्यांदा फोन करण्याइतका धीर सिझनच्या तोंडावर कुठल्याच मालकाकडे नसतो.