फायबर बॉडीच्या गाडीत हेडलाईटमागचं झाकण नीट कसं करायचं

अक्कलकोटहून रात्री येत होतो, वळसंगजवळ डावीकडचा बल्ब गेला. नवा बल्ब डिकीत होता म्हणून मी निवांत, पाच मिनिटात बदलू म्हणलं. पण आमच्या टू-सीटर कारला बल्बपर्यंत हात जायला वाट एकच, चाकाच्या वरच्या कमानीत आतून एक झाकण, त्याला अकरा स्क्रू. चार नुसतेच गोल फिरत होते, दोन गंजून बसलेले, आणि मी मोबाईलची बॅटरी दातात धरून टायरवर गाल टेकवून बसलेलो. पाऊण तास गेला राव. शेवटी पक्कडीनं झाकणाचा कोपराच तोडला.

घरी आल्यावर ठरवलं की झाकण असं पाहिजे जे अंधारात, एका हातानं, पान्ह्याशिवाय निघेल. मे महिन्यात दोन रविवार घालवून केलं, कसं केलं ते सांगतो. कार्बोरेटरवाली जुनी असो नाहीतर कुणी हातानं बांधलेली असो, फायबर बॉडी, म्हणजे काचेचे धागे रेझिनमध्ये (घट्ट होणारा चिकट द्रव) बसवून केलेली, असली की काम हेच.

आधी स्क्रू का फिरतात ते बघा. फायबर हलकं, गंजत नाही, 1953 च्या पहिल्या कॉर्व्हेट ह्या अमेरिकन गाडीपासून हे कौतुक चालू आहे, पण पत्र्यासारखे आटे त्यात टिकत नाहीत. सेल्फ टॅपिंग स्क्रू दोन-चार वेळा काढला-घातला की आतलं रेझिन भुगा होतं. मग माणूस जाड स्क्रू घालतो, जोर लावून पिळतो, आणि बाहेरच्या बाजूला जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा जातात. म्हणून फायबरमध्ये आटे पाडायचेच नाहीत, धातूचा नट मागनं चिकटवायचा.

आता काम. गाडी जॅकवर घेतली की खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर कमानीत डोकं घालू नका. चाक काढा, कमान पाण्यानं धुवा, माझ्या गाडीत झाकणामागं मूठभर माती निघाली. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.

इथं एक युक्ती आहे, भोक मोठं करायच्या आधीच नवीन झाकण बनवून घ्यायचं. जुनं झाकण जागेवरच ठेवा, स्क्रूच्या खड्ड्यात मुलांची खेळायची क्ले भरा, सगळ्यावर खाकी नाही तर पारदर्शक पॅकिंग टेप सुरकुती न पडता लावा आणि वर मेणाचं पॉलिश घासा. आता ह्याच्यावरच मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिन चढवलं की कमानीची जशी वळणं आहेत तशीच्या तशी नव्या झाकणाला येतात, साचा वगैरे करायची भानगडच नाही. मी चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे तीन थर दिले, साधारण 3 मिलीमीटर जाडी येते. हिशोब असा, झाकण 20 बाय 25 सेंटीमीटर, तीन थरांना मॅट सत्तर ग्रॅमच्या आतबाहेर लागते आणि रेझिन वजनानं त्याच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम. ब्रशनं ठोकत ठोकत हवा काढायची, पांढरे ठिपके राहिले तर तिथं रेझिन पोचलेलं नाही.

हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट व्हायला त्यात घालतात ते, त्याचं मात्र सोलापूरच्या उन्हात जपून. पहिल्या रविवारी मी दुपारी बारा वाजता दोन टक्के हार्डनर घातला, पहिला थर लावतोय तोवर मगातलं रेझिन जेलीसारखं झालं, मग धूर यायला लागला आणि प्लॅस्टिकचा मग खालनं वितळला. आपल्याकडं मे महिन्यात पारा 40 च्या पुढं, त्यात शेडवर पत्रा. दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला उरकलं, एक टक्का हार्डनर, व्यवस्थित वेळ मिळाला. आणि हे नीट वाचा, दुकानदार कधी कधी कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) वेगळ्या बाटलीत देतो, ते आणि हार्डनर एकमेकात थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर.

दुसऱ्या दिवशी झाकण उचकटून काढा, कडा कापा. जुनं झाकण सुद्धा काढा आणि आता भोक वाढवायचं. किती? तुमच्या हातात बल्बचा होल्डर धरून मूठ आत-बाहेर जाईल एवढं. मी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला भोक पाडून आधी मूठ घालून बघितली, 12 बाय 15 सेंटीमीटर पुरलं. नवं झाकण सगळीकडनं किमान तीन सेंटीमीटर जास्त असू द्या. कोपरे गोल ठेवा, काटकोनी कोपऱ्यातनं चीर पळते. कापताना मास्क पाहिजेच, साधा रुमाल नाही, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची ती भुकटी अंगाला लागली की खाज दोन दिवस, मी बनियनवर केलं आणि रात्रभर चादरीवर लोळत होतो, चादर सोलापुरीच पण झोप कसली. कापलेल्या कडेला रेझिनचा एक हात द्या, नाहीतर उघड्या धाग्यांतनं पाणी आत शिरतं.

बसवायची पद्धत मी बदलली. अकरा स्क्रू बंद. वरच्या बाजूला भोकाच्या कडेवर फायबरची एक ओठासारखी पट्टी चिकटवली, झाकणाची वरची कड तिच्यात सरकते. खाली फक्त दोन एम 6 (6 मिलीमीटर जाडीचे) बोल्ट, ज्यांच्या डोक्यावर प्लॅस्टिकची मूठ असते ते, हातानं फिरतात. नटासाठी 2 मिलीमीटर स्टेनलेसच्या पट्टीचे 25 बाय 40 चे तुकडे घेतले, वेल्डरकडनं त्यावर नट मारून घेतला, पट्टीला चार-पाच भोकं पाडली म्हणजे रेझिन त्यातनं जाऊन पकड घेतं. पट्टी आणि फायबर दोन्ही 80 नंबरच्या पेपरनं खरवडा, थिनरनं पुसा, मागनं मॅटच्या दोन चकत्या टाकून बसवा. रेझिन सुकेपर्यंत ग्रीस लावलेला बोल्ट नटात घालून ठेवायचा, म्हणजे आटे बुजत नाहीत आणि भोक सरळ राहतं.

झाकणाच्या कडेला 5-6 मिलीमीटरची बंद पेशींची, म्हणजे पाणी न शोषणारी, फोमपट्टी लावा. सिलिकॉन फासू नका, एक तर झाकण परत चिकटून बसतं, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्याच्या वाफेनं कनेक्शन गंजतात. सगळ्यात खाली 6 मिलीमीटरचं एक भोक मुद्दाम ठेवा, आत शिरलेलं पाणी निघून जायला पाहिजे.

उघडलंच आहे तर अर्थिंग बघून घ्या. फायबरमधनं करंट जात नाही, त्यामुळं प्रत्येक लाईटची काळी वायर चॅसीपर्यंत गेलेली असावी लागते, आणि लाईट मंद असेल तर दहात नऊ वेळा दोष तिथंच असतो असा माझा अनुभव. बॅटरी जोडून लाईट चालू करा, मल्टिमीटरची एक टोच बल्बच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर वायर आणि जोड बदला. होल्डरची वायर वीतभर जास्त ठेवा, होल्डर बाहेर ओढून उजेडात बल्ब लावता येतो. एच 4 जातीच्या हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागानं बल्ब लवकर जातो.

झाल्यावर भाच्याला बोलावलं, शेडची लाईट बंद केली आणि म्हणलं बदल बल्ब. तीन मिनिटात बदलला, पण एक बोल्ट हातातनं सुटून कमानीत कुठंतरी गेला तो शोधायला दहा मिनिटं. "मामा, हे पडणार नाही असं कर की." मग बोल्टला मागनं रबरी रिंग घातली आणि झाकणाला नायलॉनची दोरी, आता सगळं तिथंच लटकतं. उजवी बाजू अजून तशीच आहे, अकरा स्क्रूंची.