तुर्कमेन गालिच्याची टोळी गाठीवरून कशी ओळखावी

जुना तुर्कमेन गालिचा समोर आला की बहुतेकजण आधी नक्षी बघतात. ‘गुल ओळखलात की टोळी ओळखलीत’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. गुल म्हणजे मधल्या लाल जागेत रांगेने विणलेली अष्टकोनी पदकं. तुर्कमेनिस्तानच्या राष्ट्रध्वजावरच्या उभ्या पट्ट्यात अशी पाच आहेत. पण नक्षी उचलता येते. सालोर टोळीचा गुल पुढे सारिक आणि तेके टोळ्यांच्या बायकांनीही विणला. गाठ मारायची रीत मात्र मुलगी आईशेजारी बसून शिकते आणि हाताला बसलेली ती सवय सहसा जात नाही. म्हणून गाठ बघायची.

आधी झालर बघा. जुन्या कामात ताणा म्हणजे उभे धागे लोकरीचे असतात, कधी त्यात बकरीचे केस मिसळलेले असतात. पांढऱ्याशुभ्र सुती ताण्यावर तेके गुल दिसला, तर तो बहुधा पुढच्या काळातला पाकिस्तानी किंवा आपल्याकडचा ‘बोखारा’ असतो. बुखारा ही हे गालिचे विकले जाण्याची पेठ होती, विणणारी टोळी नव्हे.

मग लव, म्हणजे गाठींची वर आलेली लोकरीची टोकं, वेगळी करून रंग बघा. टोकाला विटका आणि बुडाशी भडक गुलाबी-जांभळा दिसला, तर तो कृत्रिम रंग. असे रंग मध्य आशियात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचले. मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळांचा लाल रंग उन्हाने मवाळ होतो, पण टोक आणि बूड यांत असा फरक पडत नाही.

आता गाठ. मी इथेच पैसे घालवले आहेत, म्हणून सावकाश सांगते.

गाठी दोन प्रकारच्या. समरूप गाठीत लोकर दोन शेजारच्या ताण्यांवर आडवी बसते आणि तिची दोन्ही टोकं त्या दोन ताण्यांच्या मधून एकत्र बाहेर येतात. असमरूप गाठीत लोकर एकाच ताण्याला वेढा घालते, दुसऱ्याच्या मागून जाते आणि त्याच्या बाहेरच्या बाजूने वर येते. म्हणजे दुसरा ताणा समोरून उघडा राहतो. हा उघडा ताणा उजवीकडे असेल तर गाठ उजवीकडे उघडी, डावीकडे असेल तर डावीकडे.

‘उलटा करा, मागून कळतं’ असं दुकानदार हमखास म्हणतो. मागून कळत नाही. ताणे एका पातळीत असतील तर दोन्ही प्रकारच्या गाठींचे मागे दोन-दोन सारखेच उंचवटे दिसतात. मागून घनता कळते, डागडुजी कळते, पण गाठीचा प्रकार पुढूनच बघावा लागतो.

त्याआधी गालिचा सरळ धरला आहे ना, ते तपासा. लवेवरून तळहात फिरवा. ज्या दिशेला हात गुळगुळीत सरकतो, ती विणकाम सुरू झाल्याची बाजू. ती तुमच्याकडे हवी. उलटा धरलात तर डावं उजवं होतं. चुवाल, म्हणजे तंबूत टांगायची मोठी पिशवी, बघताना तर फारच जपा, कारण पिशवीचं वर आणि विणकामाचं वर एकच असेल असं नाही. मी एका चुवालात हेच चुकले. गुल सालोरांचा, गाठही सालोरांसारखी डावीकडे उघडी, म्हणून सालोर समजून सालोरचे पैसे दिले. घरी आणल्यावर हात फिरवला तेव्हा कळलं की मी तो उलटा धरला होता. गाठ तेकेंसारखी उजवीकडे उघडी होती. चुवाल तेकेंचा होता. सुंदर आहे, अजून माझ्याकडे आहे, पण त्या किमतीचा नव्हता.

नवशिक्याची दुसरी अडचण म्हणजे दाट लवेत एक गाठ कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे कळत नाही. त्याला माझा उपाय असा. लाल जमिनीत एकाच गाठीच्या रुंदीची पांढरी उभी रेघ शोधा, गुलाच्या कडेला ती बहुधा सापडते. मागच्या बाजूने त्या गाठीचे दोन पांढरे उंचवटे पाहा आणि बोथट सुई त्या दोन ताण्यांच्या मधून अलगद पुढे काढा. मग गालिचा पुढून आडव्या धाग्याच्या रेषेत मागे दुमडा. लव उघडते, सुई तुम्हाला नेमकी गाठ दाखवते आणि पांढरी लोकर लाल शेजाऱ्यांत वेगळी दिसते. भिंग आणि तिरका उजेड हवाच.

हे काठाजवळ करू नका. काही विणकर बायका काठाच्या ओळी समरूप गाठीने मारून आत असमरूप गाठ वापरत. मध्यात, निदान तीन वेगळ्या ठिकाणी बघा.

तेके आणि एर्सारी या टोळ्यांची गाठ सहसा उजवीकडे उघडी, चोदोरांचीही तशीच. सालोर आणि अराबाची यांची डावीकडे उघडी. सारिकांची सहसा समरूप, योमुतांचीही बहुतेक समरूप, पण योमुतांत अपवाद भेटतात. एकट्या गाठीवर निकाल देऊ नका. जोडीला आणखी एक पुरावा घ्या. सालोर कामात एक आड एक ताणा खोल बसवलेला असतो, त्यामुळे मागची बाजू बोटाला बारीक नळ्यांसारखी लागते. सारिकांनी पांढऱ्या जागी कधी कधी सुती धागा वापरला आहे, तो लोकरीच्या पिवळसर पांढऱ्यापुढे चटकन डोळ्यांत भरतो. चोदोरांच्या आडव्या धाग्यातही सूत सापडतं आणि त्यांची जमीन लालपेक्षा तपकिरीकडे झुकते.

गाठी मोजायच्या तर मागून, इंचपट्टी लावून. पण जास्त गाठी म्हणजे जास्त जुनं, हे डोक्यातून काढून टाका. घनता हात आणि लोकर किती बारीक ते सांगते, वय सांगत नाही.

जे दिसलं ते तिथल्या तिथे लिहून ठेवा: गाठीची दिशा, ताणा, आडवा धागा, मागची बाजू सपाट की नळ्यांसारखी. खरेदी तुर्कमेनिस्तानच्या राजधानीत, अश्गाबातमध्ये करणार असाल, तर गालिचा देशाबाहेर न्यायला तिथल्या गालिचा संग्रहालयाच्या तज्ज्ञांचा दाखला लागतो. तो मिळणार की नाही, हे पैसे मोजण्याआधी विचारा.