सराव परीक्षेचा पेपर परत मिळाल्यावर या चुका टाळा

औशाहून रोज एसटीनं लातूरला येणारी एक विद्यार्थिनी आहे. पत्रकारितेच्या सराव परीक्षेत तिला प्रश्न होता, ‘मराठवाड्यातील पाणीटंचाईच्या वार्तांकनाला अजेंडा सेटिंग सिद्धांत लावून दाखवा.’ माध्यमं ज्या विषयांना जास्त जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात, असं हा सिद्धांत सांगतो. तिला १० पैकी ३ गुण पडले. तिनं वहीत नोंद केली, ‘थिअरी कच्ची आहे, पुन्हा वाचणे.’

मी तिचं उत्तर काढून वाचलं. थिअरी अजिबात कच्ची नव्हती. सिद्धांत मांडणारे संशोधक मॅककॉम्ब्स आणि शॉ, १९६८ ची अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक, चॅपेल हिलमधले मत अजून न ठरलेले १०० मतदार, १९७२ साली छापून आलेला शोधनिबंध, सगळं जिथल्या तिथं. दीड पान भरून. पाणीटंचाई मात्र शेवटच्या दोन ओळींत. प्रश्न ‘लावून दाखवा’ म्हणत होता, तिनं उत्तर ‘म्हणजे काय’चं लिहिलं होतं. आता येत असलेलाच धडा ती पुन्हा वाचत बसणार आणि पुढच्या पेपरातही गुण तिथंच जाणार.

‘अभ्यास कमी पडला’ ही नोंद

सगळ्यात जास्त नुकसान हीच नोंद करते. ती प्रामाणिक वाटते, पण उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं हे तिच्यातून कळत नाही. पेपर घेऊन बसा आणि गुण कुठल्या ओळीपाशी गेले ते शोधा. शेजारी समासात कारण लिहा: प्रश्न नीट वाचला नाही, माहितीच नव्हती, माहिती होती पण मांडता आली नाही, की वेळ संपला. या चारही दुखण्यांवर औषध वेगवेगळं आहे. प्रश्न वाचण्यात चूक होत असेल, तर पुस्तक कितीदा वाचलं तरी ती जात नाही. त्यासाठी प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करायची सवयच लावावी लागते. ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’, ‘चिकित्सा करा’ यांना तीन वेगळी उत्तरं लागतात.

आदर्श उत्तर वाचून मान डोलावणं

शिक्षकांनी फळ्यावर उत्तर सांगितलं की ‘हे तर मला येत होतं’ असं वाटतं. वाटू द्या, पण तेवढ्यावर वही मिटू नका. दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन तेच उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा.

पाणीटंचाईचंच घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. त्या गाडीची दृश्यं देशभर दिसली. एवढं लिहून थांबलात तर ती झाली बातमीची आठवण. सिद्धांत लावायचा तर दोन याद्या लागतात. त्या काळात माध्यमांनी कोणत्या विषयांना किती जागा दिली ही एक, आणि लोकांना कोणते विषय महत्त्वाचे वाटत होते ही दुसरी. मॅककॉम्ब्स आणि शॉ यांनी चॅपेल हिलमध्ये हेच दोन क्रम ताडून पाहिले होते. दुसरी यादी तुमच्या हाताशी नसेल, तर ती कशी मिळवाल ते लिहा. गल्लीत टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना काय विचाराल? आणि एक अडचणही मांडा: ज्याच्या घरी आठ-दहा दिवस नळाला पाणी नाही, त्याला टंचाई महत्त्वाची वाटायला वर्तमानपत्र लागत नाही. माध्यमांचा परिणाम शोधायचा तो नळ चालू असलेल्या शहरात. ही ओळ ज्या उत्तरात येते, त्याला मी मोकळ्या हातानं गुण देते.

इथंच आणखी एक गोंधळ नेहमी दिसतो. टंचाईची बातमी किती वेळा आली, हा अजेंडा सेटिंगचा मुद्दा. ती रेल्वेची कामगिरी म्हणून आली, की उसाला जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न म्हणून, हा फ्रेमिंगचा, म्हणजे बातमी कोणत्या चौकटीत मांडली याचा. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवले की परीक्षक दोन्हींचे गुण कापतो.

नेटच्या सराव पेपरात लागलेला अंदाज

नेट म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्या दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं चूकच. पण अंदाजानं बरोबर आलेलं उत्तर ‘येतं’ म्हणून मोजणं ही त्याहून मोठी चूक, कारण खऱ्या परीक्षेत तो अंदाज लागेलच असं नाही. सोडवतानाच खात्री नसलेल्या प्रश्नांवर खूण करा आणि नंतर ते चुकलेल्यांच्या यादीत घाला, उत्तर बरोबर आलं असलं तरी.

कालक्रमाचे प्रश्न चुकत असतील तर नुसती सालं घोकू नका, साल कारणाला बांधा. ‘मूकनायक’ १९२० चा, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ चा. मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला आणि एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघालं, हे कळलं की क्रम उलटा होत नाही. आपल्या भागातली मुलं इतिहासात आणखी एका ठिकाणी अडखळतात. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांचा ब्रिटिश काळ जसाच्या तसा मराठवाड्याला लावतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राजवटीत होतो. इथल्या पत्रकारितेवरचं उत्तर तिथूनच सुरू व्हायला हवं.

‘येत होतं, पण वेळ पुरला नाही’

हे खरं आहे का ते तपासता येतं. प्रत्येक उत्तर सुरू करताना समासात घड्याळातली वेळ टाका. ८० गुण आणि तीन तास असतील, तर १० गुणांच्या उत्तराला २० मिनिटं धरून वाचायला नि तपासायला २० मिनिटं उरतात. बहुतेकांच्या पेपरात पहिल्या, आवडत्या उत्तरानंच ३५ मिनिटं खाल्लेली दिसतात. आपले गुण व्हॉट्सॲप ग्रुपवर इतरांशी ताडून यातलं काहीच कळत नाही.

औशाच्या त्या विद्यार्थिनीनं मागच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा सोडवला. ‘लावून दाखवा’खाली दोन रेघा होत्या, व्याख्या चार ओळींत आटोपली होती आणि उरलेलं सगळं उत्तर लातूरचं होतं. ७ गुण दिले. समासातल्या वेळा पाहिल्या तर २६ मिनिटं लागली होती. या आठवड्यात ती तेवढ्यावरच काम करते आहे.